खोकला शफीकचा, नाक तुमचं

पाटणकर साहेब,

तुमची शोकसभा मी बिघडवली. तुम्हाला ते मुळीच आवडलं नसतं. हार, सत्कार, भाषणं हे सगळं तुम्हाला भारी प्रिय. परवा कँटीनमधली टेबलं भिंतीला लावली, सगळ्या शिफ्टच्या लोकांना सतरंजीवर आणि साहेबलोकांना खुर्च्यांवर बसवलं, आणि तुमच्या फोटोसमोर उभं राहून जीएम साहेबांनी भाषण केलं. फोटो ओळखपत्रावरचाच, मोठा करून आणलेला. त्यात तुमचे डोळे मिटल्यासारखे दिसतात आणि नाक तेवढं ठसठशीत. जीएम म्हणाले, "पाटणकर साहब की नाक ही इस प्लांट का अलार्म थी. जब तक वो थे, हमें किसी मशीन की ज़रूरत नहीं पड़ी." लोकांनी माना डोलावल्या. मी जागच्या जागी पेटले. मशीनची गरज पडली नाही म्हणे! गॅस गळाला की घंटी वाजवणारं यंत्र घ्या म्हणून मी लॅबमधून किती वेळा ओरडले, आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं, पाटणकर आहेत ना. एका माणसाच्या नाकावर अख्खा प्लांट सोडून देणारी ही शहाणी माणसं, आणि त्या नाकाचं कौतुक ऐकून फुलून येणारे तुम्ही. कुणाची जास्त कीव करावी, हे मला आजही ठरवता येत नाही.

इथे उत्तरेत आपल्या दूध प्लांटचे तुम्ही चीफ इंजिनिअर, मी लॅबची इन्चार्ज, आणि सबंध प्लांटमध्ये मराठी बोलणारे आपण दोघंच. भांडायला ही फार मोठी सोय होती. कंप्रेसर हाऊसच्या दारात उभं राहून आपण एकमेकांना वाटेल ते ऐकवायचो आणि आजूबाजूच्यांना वाटायचं, गावाकडच्या आठवणी निघाल्यात. एकदा मी तुम्हाला म्हटलं, तुमच्यासारखा हेकट माणूस मी जन्मात पाहिला नाही. तुम्ही म्हणालात, नागपूरच्या पाण्यातच तिखट असतं वाटतं. त्यावर शेजारी उभा असलेला ऑपरेटर कौतुकानं म्हणाला होता, "अपनी बोली में बात करने का मज़ा ही और है, मैडम."

दूध थंड ठेवायला अमोनिया लागतो, आणि अमोनिया म्हटलं की पाईप, नळ्या, आणि त्यांच्या जोडावरचे नट आले. पाईप सहसा फुटत नाही, गळतात ते जोड. आधी एवढासा गॅस निसटतो, नुसता वास येतो. तेव्हाच पकडला तर बरं. नाहीतर तोच जोड एक दिवस उघडतो आणि समोर असेल त्याचे डोळे, घसा, जीव, जे हाताला लागेल ते घेतो. हे मी तुम्हालाच काय शिकवणार? लॅबमध्ये मी नवी असताना तुम्हीच मला हे कंप्रेसर हाऊसमध्ये फिरवून शिकवलं होतं. त्या वेळी तुमचं नाक खरंच चालत होतं. तुम्ही चालता चालता थांबायचात, मान वर करायचात, एक लांब श्वास घ्यायचात आणि बोट दाखवायचात, "यहाँ." तिथेच गळत असायचं. मी तेव्हा तोंडात बोट घातलं होतं. हे कबूल करायला मला आज कमीपणा वाटत नाही.

पण नाक म्हणजे काही सरकारी नोकरी नव्हे, की एकदा मिळाली की साठीपर्यंत टिकली. रोज अमोनिया हुंगणाऱ्या माणसाचं नाक झिजतं. म्हणून मी म्हणत होते की गंधकाची बत्ती वापरा. पेटती बत्ती जोडाजवळ धरली, की गळत असेल तिथे पांढरा धूर उठतो. बत्तीला प्रमोशन नको असतं आणि साहेबांची मर्जीही राखायची नसते. अमीनाबाद बाजाराच्या गर्दीत रिक्षा सोडून, चालत जाऊन, मी पंसाऱ्याकडून, म्हणजे काष्टौषधी विकणाऱ्याकडून, गंधक आणलं, लॅबमध्ये वितळवून सुतळीला चढवलं. तुम्ही ते पाहून सगळ्यांसमोर हसलात. म्हणालात, "मेश्राम बाई, कुणाचं भूत उतरवताय?" आणि मग हिंदीत, मुद्दाम सगळ्यांना कळावं म्हणून, "मैडम हमारी नाक का मुक़ाबला अगरबत्ती से कर रही हैं!" सगळे खो खो हसले. बत्त्या माझ्या कपाटात गेल्या.

तुमचं नाक गेलंय हे मला कसं कळलं, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. तुम्ही लॅबमध्ये चहाला आला होतात. दुधातलं फॅट मोजायला आम्ही जे एमाइल अल्कोहोल वापरतो, त्याची बाटली माझ्या असिस्टंटच्या हातून टेबलावर सांडली. त्या घाणेरड्या उग्र वासानं सगळी लॅब नाकाला पदर आणि रुमाल लावून व्हरांड्यात पळाली. तुमचं तोंड खिडकीकडे होतं, पाठ आमच्याकडे. तुम्ही एकटेच आत बसून बिस्किट बुडवत राहिलात आणि मी मागेच आहे असं समजून सांगत होतात की सांगलीला एसटीडी लावला, पण बूथवाल्यानं बिल जास्त लावलं. मग मागे वळून पाहिलंत. लॅब रिकामी. तुम्ही कप खाली ठेवलात, खिशातून रुमाल काढलात आणि नाकाला लावलात. उशिरा, पण लावलात! त्या रुमालाची मला आधी चीड आली आणि मग तुमची दया.

त्यानंतर मी तुमच्या राऊंडवर नजर ठेवली. तुमच्या मागे नेहमी शफीक असायचा, आपला जुना फिटर. मऊ बोलणारा, झुकून सलाम करणारा, खांद्यावर पाना घेतलेला शफीक. तुम्ही पुढे चालायचात. एखाद्या जोडापाशी आलात की मागे शफीक मूठ तोंडाशी धरून, अगदी अदबीनं, हळूच खोकायचा. तुम्ही थांबायचात, मान वर, लांब श्वास, आणि बोट, "यहाँ." लोक म्हणायचे, "वाह साहब!" मला वाटलं, मला भास होतोय. पण रोज तेच. नाक शफीकचं, खोकला शफीकचा, वाहवा तुमची. आणि ही सोय तुम्ही दोघांनी कधी बोलून ठरवलीसुद्धा नसणार. त्यानं एकदा खोकून पाहिलं असेल, तुम्ही एकदा थांबला असाल, एवढंच.

मी शफीकला बाजूला घेऊन विचारलं. तो लाजला. म्हणाला, "मैडम, साहब की बात भी रह जाती है, लीक भी पकड़ में आ जाती है. इसमें किसी का क्या बिगड़ता है?" मी म्हटलं, सरळ सांगत का नाहीस, की साहेब, इथे गळतंय? तो माझ्याकडे असा पाहत राहिला की जणू मी त्याला तुमची टोपी उडवायला सांगितली. "अफ़सर को कोई ऐसे टोकता है, मैडम?" त्याच्या त्या तहजीबचाही, त्या अदबीचाही, मला तेव्हा तुमच्याइतकाच राग आला. गॅसला कसली आलीय तहजीब?

मग मी तुम्हालाच गाठलं. कंप्रेसर धडधडत होते, चार माणसं आजूबाजूला होती. मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही." तुम्ही इकडेतिकडे पाहिलंत. "हळू बोला." "हळू कशाला? इथं मराठी कुणाला कळतं?" तुम्ही मला म्हणालात, "नाक गेलं म्हणून अनुभव जात नाही, बाई. आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहू द्या." चेहरा उतरला होता तुमचा. मला वाटलं, आता हा माणूस शहाणा होईल. कसलं काय. दुसऱ्या दिवशी पुन्हा मान वर आणि "यहाँ."

आणि तरी, साहेब, तुमच्याबद्दल नुसतं वाईट लिहायचं म्हटलं तर माझा हात अडतो. मराठी मंडळाच्या गणपतीला वहिनी, म्हणजे तुमची बायको, मला पहिल्यांदा घेऊन गेल्या होत्या. चहाच्या वेळी एका बाईंनी आडनाव विचारलं, मी मेश्राम म्हटलं, त्यांनी "अच्छा, अच्छा, नागपूरकडच्या!" म्हणून खुर्ची जराशी पलीकडे घेतली. असल्या सरकणाऱ्या खुर्च्या मला लहानपणापासून ओळखीच्या आहेत. तुम्ही पलीकडून ते पाहिलंत. कप हातात घेऊन तिथे आलात आणि भर पंगतीत, अगदी गोड आवाजात त्या बाईंना म्हणालात, "अहो, ह्यांनी पास केल्याशिवाय आमच्या प्लांटमधून दुधाचा थेंब बाहेर जात नाही. तुमच्या हातातल्या चहात ह्यांचाच शब्द आहे. नको असेल तर ठेवून द्या." बाईंना तो चहा गिळता येईना नि टाकता येईना. मी घरी जाऊन हसले आणि रडलेही. माझ्यासाठी परक्या माणसानं असं तोंड उघडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. म्हणून तर तुमचा राग इतका येतो. ज्याला बोलताच येत नाही त्याला माफ करता येतं. तुम्हाला बोलता येत होतं.

मग हेड ऑफिसचे बडे लोक यायचे ठरले आणि प्लांटला रंग लागला. पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे दुरुस्तीच्या आधी रंग येतो. पाईप पिवळे, नट पिवळे, गंजसुद्धा पिवळा. कुठला जोड धड आहे नि कुठला कुजलाय, ते त्या रंगाखाली ब्रह्मदेवालाही दिसलं नसतं. ते आले त्या दिवशी थंडी कडाक्याची, सकाळचं धुकं दहा वाजले तरी हटेना, आणि शफीकला सर्दी झालेली. छातीतून खोकत होता बिचारा. मी लॅबच्या दारातून तुम्हाला मराठीत हाक मारून सांगितलं, "साहेब, आज त्याच्या खोकल्यावर जाऊ नका." तुम्ही ऐकलंत. पाहुण्यांकडे वळून म्हणालात, "मैडम आपका स्वागत कर रही हैं."

पुढचं मी तुमच्यामागून येऊन कंप्रेसर हाऊसच्या दारातून पाहिलं. शफीक खोकला, तुम्ही थांबलात, मान वर, "यहाँ." शफीक गोंधळला. तिथे काही गळत नव्हतं. पण पाहुण्यांसमोर साहेबांना खोटं कसं पाडायचं? त्यानं पाना लावला आणि चांगला घट्ट असलेला नट आणखी आवळला. पाहुणे खूश. पुढे गेलात, तो पुन्हा खोकला. "यहाँ भी." पुन्हा पाना. तो खोकला दाबायला पाहत होता, तोंड लालबुंद झालं होतं, आणि दाबलेला खोकला जास्तच जोरात बाहेर येत होता. आणि तुम्ही, ज्यानं आयुष्य ह्या पाईपांत काढलं, तुम्हाला एवढं सुचलं नाही की एका रांगेतले सगळे जोड एका दिवशी गळत नसतात? सुचलं असणार. पण "वाह" ऐकू येत होतं ना! शेवटी दाब दाखवणाऱ्या गेजकडे जाणाऱ्या बोटाएवढ्या नळीचा नट त्यानं तुमच्या बोटाच्या इशाऱ्यावर आवळला, आणि तो रंगवलेला, कुजका नट उभा चिरला.

पाहुणे पळाले. जीएम पळाले. त्या पांढऱ्या लोटात तुम्ही घुसलात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. तुम्ही वॉल्व्ह बंद केलात, शफीकला काखेत धरून बाहेर ओढलंत, नळाखाली त्याचं डोकं धरलंत आणि तो ओरडत होता तरी त्याचे डोळे बोटांनी उघडून त्यात पाणी ओतत राहिलात. तुमचेही डोळे सुजले होते. मी बादल्या आणत होते. त्या वेळी मला वाटलं, ह्या माणसाच्या पायाला हात लावावा. आणि त्याच वेळी वाटलं, ह्याच्या थोबाडीत द्यावी.

शफीकचा एक डोळा वाचला, दुसऱ्यावर पडदा आला. तुमचं नाव झालं. आणि चौकशीत काय ठरलं? फिटरनं नट नको इतका आवळला. फिटरचा हलगर्जीपणा. शफीक निलंबित. मी चौकशीवाल्यांना सगळं सांगायला गेले, तर ते म्हणाले, "मैडम, आप दूध देखिए." मग तुम्हाला विचारलं गेलं आणि तुम्ही गप्प बसलात. कपाळावर हात मारून घ्यावा असे गप्प. ज्याला ओढून बाहेर काढलंत, त्यालाच पुन्हा आत ढकललंत. गॅसमध्ये जायला तुम्हाला भीती वाटली नाही, आणि "मला वास येत नाही" ही चार शब्दांची गोष्ट उच्चारायला तुमची बोबडी वळली. काय म्हणावं ह्या शौर्याला?

आपलं शेवटचं भांडण स्कूटर स्टँडवर झालं. मी म्हटलं, "मंडळात माझ्यासाठी बोललात, मग शफीकसाठी जीभ का उचलत नाही?" तुम्ही स्कूटरला किल्ली लावलीत. मग म्हणालात, "तिथं माझं काही जाणार नव्हतं, बाई." निदान हे तरी खरं बोललात. हेल्मेट घालता घालता म्हणालात, "सोमवारी सांगतो जीएमना." मी म्हटलं, "बघू." रविवारी सकाळी अंघोळ करून बाहेर आलात, छातीत दुखतंय म्हणालात आणि डॉक्टर यायच्या आत संपलात. सोमवारी तुम्ही सांगितलं असतं का? मला माहीत नाही. मी तुमच्या चितेसमोरही हाच विचार करत उभी होते, आणि मला तुमची आठवण येत होती, आणि मी दात खात होते.

म्हणून परवा जीएम तुमच्या नाकाची आरती ओवाळत होते तेव्हा मी उठले आणि म्हटलं, "साहब को गंध नहीं आती थी. नाक शफीक की थी. उस दिन नट साहब के कहने पर कसा गया." जीएम हात जोडून लोकांना म्हणाले, "मैडम सदमे में हैं." तेव्हा पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. साध्या, शांत, त्यांच्या त्या सांगली वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, "सदमे में तो मैं हूँ. ये सच बोल रही हैं. घर में गैस पर दूध जल के काला हो जाता था और ये वहीं बैठ के पेपर पढ़ते थे." आणि बसल्या. तुमच्या बायकोनं तीन वाक्यांत ते केलं, जे तुम्हाला जमलं नाही.

शफीक दारापाशी उभा होता, डोळ्यावर पट्टी. निलंबित माणसाला आत यायची बंदी, पण गेटवाल्यानं तुमच्यासाठी म्हणून सोडलं होतं. जीएमनी त्याला दरडावलं, "तुम बताओ. साहब को गंध आती थी कि नहीं?" सगळे त्याच्याकडे वळले. त्याची नोकरी त्या एका उत्तरावर होती. तो तुमच्या फोटोकडे बघत म्हणाला, "हुज़ूर, साहब अब नहीं रहे. मैं क्या कहूँ." माझ्या मनात आलं, बुडाला हा, ह्या तहजीबनंच बुडाला. आणि मग त्यानं मूठ तोंडाशी नेली आणि हळूच, अदबीनं खोकला. सतरंजीवरच्या रांगेत ऑपरेटर खोकला. त्याच्या शेजारचा खोकला. मग मागची रांग. जीएम इकडेतिकडे बघायला लागले, "क्या हुआ सबको?" सतरंजीवर त्या खोकल्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक, खुर्च्यांवरच्या एकालाही कळेना. कुणीतरी पुढे होऊन बोट दाखवायला हवं होतं. मग मीच हात वर केला, तुमच्या फोटोकडे बोट केलं आणि म्हटलं, "यहाँ."

एवढे खोकले ऐकल्यावर काल जीएमना शफीकचं निलंबन मागे घ्यावं लागलं. आज सकाळी शफीक कामावर आला. कपाटातल्या गंधकाच्या बत्त्या मी त्याच्या हातात दिल्या आणि आम्ही दोघं कंप्रेसर हाऊसमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या एका जोडापाशी बत्तीतून पांढरा धूर उठला. समोर दिसत होतं, सांगायची काही गरज नव्हती. तरी शफीक सवयीनं हळूच खोकला आणि तुम्हाला पुढे यायला वाट म्हणून एक पाऊल बाजूला सरकला.